इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि मूळ शोधताना : आधी वाक्य, शेवटी साम्य

परिपाठाच्या फळ्यावर ‘आजचा शब्द’ लिहिताना इंग्रजी शब्दाखाली त्याचा अर्थ आणि त्याचे मूळ द्यायचे असते, आणि बहुतेकांची चूक नेमकी तेथेच होते. अर्थासाठी शब्दकोशातली पहिली ओळ उचलली जाते, मुळासाठी मोबाइलवर फिरत आलेली गोष्ट उतरवली जाते, आणि दोन्ही हाती लागले नाही तर मराठी, कन्नड किंवा संस्कृतातला कानाला जवळचा वाटणारा एखादा शब्द शेजारी मांडून काम उरकले जाते. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हा तिसरा मोह जरा जास्तच होतो, कारण त्याच्या घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात हिंदी असते आणि चोर्ला घाट उतरला की कोकणी भेटते. जितक्या भाषा कानावर पडतात तितकी साम्ये सुचत जातात, आणि त्यांतली बरीचशी फसवी असतात.

पुढे दिलेला क्रम मी शाळेत इंग्रजी शिकवताना, स्वतः अनेक चुका करून, बसवलेला आहे. त्याचा गाभा एवढाच, की शब्द ज्या वाक्यात भेटला त्या वाक्यापासून सुरुवात करावी आणि उच्चारातले साम्य सर्वांत शेवटी तपासावे. क्रम उलटा केला तर चांगला शब्दकोश हाताशी असूनही उत्तर चुकते, कारण साम्य एकदा मनात बसले की पुढचे सारे वाचन त्या साम्याला पुरावा शोधण्यासाठीच होते.

तयारी : कोश, खुणा आणि वही

किमान दोन इंग्रजी कोश हवेत, आणि त्यांतला एक तरी शब्दाचे मूळ सांगणारा हवा. शालेय इंग्रजी-मराठी कोशात मूळ दिलेले नसते, म्हणून त्यावर हे काम होत नाही. मेरियम-वेबस्टरच्या संकेतस्थळावर शब्दाचे मूळ आणि त्याची पहिली ज्ञात नोंद कोणत्या काळातली, हे दोन्ही विनामूल्य मिळते. डग्लस हार्पर यांनी तयार केलेला ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी हा कोश केवळ मुळांसाठीच आहे आणि तोही मोफत आहे. ऑक्सफर्डचा मोठा ऐतिहासिक कोश सर्वांत सविस्तर असला तरी त्याला वर्गणी लागते, त्यामुळे एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सोय असेल तरच त्याचा विचार करावा.

शब्द भारतातून इंग्रजीत गेला असावा असे वाटत असेल, तर आणखी तीन कोश लागतात. यूल आणि बर्नेल यांचा हॉब्सन-जॉब्सन (१८८६), म्हणजे भारतातल्या इंग्रजांच्या बोलण्यातल्या शब्दांचा कोश, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) आणि किटेलचा कन्नड-इंग्रजी कोश (१८९४) हे ते तीन. हॉब्सन-जॉब्सन वाचायला फार मनोरंजक आहे, आणि धोका तेथेच आहे. त्यातले काही तर्क पुढच्या संशोधनाने बदलले असल्यामुळे तेथे सापडलेले मूळ आजच्या कोशाशी ताडून पाहिल्याशिवाय फळ्यावर लिहू नये.

कोशातल्या खुणा आधी समजून घ्याव्यात. ‘ओ ई’ म्हणजे साधारण ११५० पर्यंतचे जुने इंग्रजी, ‘एम ई’ म्हणजे त्यानंतरचे साधारण १५०० पर्यंतचे मध्ययुगीन इंग्रजी, ‘एल’ म्हणजे लॅटिन. शब्दाच्या आधी तारांकन असेल तर ते रूप कोठेही लिहिलेले सापडलेले नाही, अभ्यासकांनी ते तुलनेने पुन्हा उभे केलेले आहे, असे समजावे. सर्वांत महत्त्वाचा फरक ‘फ्रॉम’ आणि ‘अकिन टू’ यांचा आहे. ‘फ्रॉम’ म्हणजे शब्द तेथून आला. ‘अकिन टू’ म्हणजे दोन शब्द एका कुळातले आहेत, पण एक दुसऱ्यापासून आलेला नाही. आईपासून मुलगी आणि चुलतबहिणी यांत जेवढा फरक, तेवढाच हा फरक आहे. कोशात ‘अकिन टू संस्कृत’ असे दिसताच ‘संस्कृतातून आला’ असे लिहिणे ही मी पाहिलेल्या नोंदींतली सर्वांत वारंवार होणारी चूक आहे.

वहीत एका शब्दाला एक पूर्ण पान द्यावे. एका बैठकीत तीनपेक्षा अधिक शब्द घेऊ नयेत.

टप्पा १ : शब्द वाक्यासकट उतरवावा

सुटा शब्द कधीही घेऊ नये. तो जेथे भेटला ते पूर्ण वाक्य, किंवा पाटीवर भेटला असेल तर पूर्ण पाटी, वहीच्या माथ्यावर लिहावी. त्याखाली तो नाम आहे, क्रियापद आहे की विशेषण, हे ठरवावे. नंतर स्पेलिंग अक्षर न अक्षर तपासावे, कारण देवनागरीत उतरवलेला इंग्रजी शब्द अनेकदा दोन वेगळ्या स्पेलिंगचे शब्द एकत्र करतो. मराठीत ‘मीट’ लिहिले तर ते भेटणे की मांस, हे कळण्याचा मार्ग स्पेलिंगच आहे. ‘मेल’ म्हणजे टपाल की पुरुष, याचेही तसेच.

*तपासणी :* वहीतले वाक्य वाचून शेजारच्या माणसाला शब्दाचा त्या वाक्यातला अर्थ मराठीत सांगता आला पाहिजे. तो सांगता येत नसेल तर मुळाकडे वळू नये.

टप्पा २ : शब्द एक आहे की अनेक, हे ठरवावे

एकच स्पेलिंग, एकच उच्चार, पण मुळे वेगळी, असे शब्द इंग्रजीत पुष्कळ आहेत. कोश त्यांना वेगवेगळ्या नोंदी देतो आणि शब्दाच्या डोक्यावर किंवा शेजारी १, २, ३ असे बारीक आकडे घालतो. घाईत वाचणाऱ्याला हे आकडे दिसत नाहीत, आणि मग एका शब्दाचा अर्थ व दुसऱ्याचे मूळ अशी जोडाजोडी होते.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कारखान्यात उभे राहिले तर याची उदाहरणे शोधायला दूर जावे लागत नाही. कार्यालयातली ‘फाइल’ लॅटिन ‘फिलुम’ म्हणजे दोरा या शब्दापर्यंत जाते, कारण कागद एकेकाळी दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवत. कामगाराच्या हातातली ‘फाइल’, म्हणजे कानस, जुन्या इंग्रजीतल्या अगदी निराळ्या शब्दातून आली आहे, आणि दोन्ही फाइली आज एकसारख्या लिहिल्या जातात हा केवळ योगायोग आहे. ओतकामाचा साचा म्हणजे ‘मोल्ड’, तो लॅटिन ‘मोडुलुस’ म्हणजे माप या शब्दापासून जुन्या फ्रेंचमार्गे आला. भाकरीवर येणारी बुरशी म्हणजेही ‘मोल्ड’, पण तिचा साच्याशी संबंध नाही. ‘फाउंड्री’मधला ‘फाउंड’ लॅटिनातल्या ‘ओतणे’ या अर्थाच्या क्रियापदाकडे जातो, तर संस्था स्थापन करण्याचा ‘फाउंड’ लॅटिनातल्या ‘तळ’ या अर्थाच्या नामाकडे जातो; आणि ‘सापडला’ या अर्थाचा ‘फाउंड’ तर लॅटिनही नाही, ते अस्सल इंग्रजी ‘फाइंड’चे भूतकाळी रूप आहे. म्हणून ‘ज्याने फाउंड्री फाउंड केली’ अशा वाक्यात दोन वेगळे शब्द आहेत.

काडेपेटीतली ‘मॅच’ आणि क्रिकेटची ‘मॅच’ यांचेही असेच आहे. पहिली वातीच्या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दातून आली, दुसरी जोडीदार किंवा बरोबरीचा या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दातून.

*सावधान :* नोंदी वेगळ्या आहेत म्हणून मुळे सर्वस्वी परकी आहेत, असेही लगेच मानू नये. पैशाची ‘बँक’ इटालियनातल्या ‘बाक’ या अर्थाच्या शब्दातून आली, कारण सराफ बाकावर बसून व्यवहार करत. नदीकाठची ‘बँक’ उत्तर युरोपातल्या स्कँडिनेव्हियन भाषांतून आली. कोशात या दोन नोंदी आहेत आणि वाटाही दोन आहेत, पण फार मागे गेले की दोन्ही एकाच जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन ज्यातल्या त्या, कुळात मिळतात. अशा वेळी दोन्ही गोष्टी लिहाव्यात, एक लिहून दुसरी गाळू नये.

टप्पा ३ : अर्थांची फांदी कोठून फुटली, ते मांडावे

नोंद एकच असूनही अर्थ पाच-दहा असतील, तर त्यांचा क्रम लावणे हा तिसरा टप्पा. येथे कोश कोणत्या पद्धतीचा आहे हे माहीत नसेल तर हमखास घोटाळा होतो. मेरियम-वेबस्टर आणि ऑक्सफर्डचा मोठा कोश अर्थ इतिहासाच्या क्रमाने देतात, म्हणजे सर्वांत जुना अर्थ आधी, आणि तो आज वापरात नसेलही. विद्यार्थ्यांसाठीचे कोश आज सर्वाधिक चालणारा अर्थ आधी देतात. दोन्हींतली ‘पहिली ओळ’ दिसायला सारखीच असते, पण तिचा अर्थ वेगळा असतो.

‘बोर्ड’ हा शब्द या टप्प्याच्या सरावासाठी मला सर्वांत चांगला वाटतो. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ फळी असा होता. फळीचे टेबल झाले, टेबलावर जेवण आले, आणि जेवणावरून ‘बोर्डिंग’ आले. ‘बोर्डिंग-लॉजिंग’ या पाटीतले बोर्डिंग म्हणजे जेवणाची सोय आणि लॉजिंग म्हणजे राहण्याची, हे आज पुष्कळांच्या लक्षात नसते. त्याच टेबलाभोवती बसणाऱ्या मंडळींना ‘बोर्ड’ म्हणू लागले, तेथून परीक्षा मंडळ आणि बँकेचे संचालक मंडळ आले. फळीवर अक्षरे लिहिली की ती पाटी झाली, काळी रंगवली की वर्गातला फळा झाला. जहाजाच्या बाजूलाही ‘बोर्ड’ म्हणत, म्हणून जहाजावर, पुढे आगगाडीत आणि विमानात चढणे म्हणजे ‘ऑन बोर्ड’ होणे. या जहाजाच्या कडेच्या अर्थाचा जर्मानिक शब्द फ्रेंचमध्ये जाऊन कडा या अर्थाने रुजला आणि तेथून ‘बॉर्डर’ होऊन इंग्रजीत आला. आमच्या भागात बॉर्डर आणि बोर्ड या दोन्ही शब्दांनी माणसे तावातावाने बोलू लागतात. ते दोघे नातेवाईक निघावेत याची गंमत वाटते, पण तो वाद येथे नको.

वहीत हे झाडासारखे काढावे. खोडाशी सर्वांत जुना अर्थ ठेवावा, आणि प्रत्येक फांदीवर ती कशामुळे फुटली ते एका वाक्यात लिहावे. कारण सांगता येत नसेल त्या फांदीवर प्रश्नचिन्ह घालावे.

काही शब्दांचा अर्थ फांद्या फुटून वाढत नाही, तर सरळ घसरतो किंवा चढतो. ‘नाइस’ हा लॅटिनातल्या ‘अजाण’ या शब्दापासून आला आणि मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ मूर्ख असा होता. काटेकोर, नाजूक अशा पायऱ्या चढत तो आजच्या ‘छान’पर्यंत पोहोचला. ‘सिली’ने नेमका उलटा प्रवास केला : धन्य, मग भोळा, मग बिचारा, मग मूर्ख. मांस या अर्थाचा ‘मीट’ म्हणजे पूर्वी कोणतेही अन्न, आणि ‘गर्ल’ म्हणजे मुलगा किंवा मुलगी, कोणतेही मूल. मराठीत फारसे वेगळे घडत नाही. ‘शहाणा’ हा शब्द कोणत्या स्वरात उच्चारला यावर तो स्तुती आहे की टोमणा हे ठरते.

*चूक :* जुना अर्थ हाच ‘खरा’ अर्थ मानणे. ‘नाइस म्हणजे खरे तर मूर्ख’ असे फळ्यावर लिहू नये. आज त्या शब्दाचा अर्थ छान हाच आहे. मूर्ख हा त्याचा इतिहास आहे, आणि दोन्हींसाठी वाक्ये वेगळी करावीत.

टप्पा ४ : काळ पाहावा आणि गोष्टीची परीक्षा घ्यावी

आता शब्दाच्या पहिल्या नोंदीचा काळ वहीत लिहावा. हा एक आकडा मोबाइलवरच्या निम्म्याअधिक गोष्टी निकालात काढतो, म्हणून तो टाळू नये.

सर्वांत जास्त फसवणूक आद्याक्षरांच्या गोष्टींनी होते. ‘न्यूज’ म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, ही गोष्ट मी स्वतः काही वर्षे वर्गात सांगितली आहे, आणि एका मुलीने “मग सर, ‘बातमी’ कुठल्या दिशांवरून आली?” असे विचारल्यावर घरी जाऊन कोश उघडला. न्यूज हे ‘न्यू’चे अनेकवचनी रूप आहे, म्हणजे ‘नव्या गोष्टी’, आणि ते मध्ययुगीन इंग्रजीतच आढळते. ‘गॉल्फ’ म्हणजे स्त्रियांना मनाई असलेला सज्जनांचा खेळ, ही गोष्टही अशीच आद्याक्षरांतून रचलेली आहे. स्कॉटलंडच्या संसदेने १४५७ साली फुटबॉलसोबत या खेळावर बंदी घातली तेव्हा तो शब्द तेथे होताच, आणि त्या काळात आद्याक्षरांतून शब्द बनवण्याची रीत नव्हती. भारतात येणाऱ्या साहेबांनी बोटीवर जाताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूची खोली मागितली, आणि तिकिटावरच्या ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांच्या आद्याक्षरांच्या शिक्क्यावरून ‘पॉश’ आला, ही कथा आपल्याकडे आवडीने सांगितली जाते, पण असा शिक्का मारलेले एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही.

नियम साधा ठेवावा. शब्द विसाव्या शतकाच्या आधीचा असेल आणि त्याचे मूळ आद्याक्षरांत सांगितलेले असेल, तर ती गोष्ट खोटी धरून चालावे आणि पुरावा मिळाला तरच मत बदलावे. ‘रडार’ आणि ‘लेझर’ हे खरोखरच आद्याक्षरांचे शब्द आहेत, पण ते विसाव्या शतकातले. जुन्यांत अपवाद म्हणावा असा ‘ओके’ आहे : ‘ऑल करेक्ट’ हे मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहून त्याची आद्याक्षरे घेण्याच्या थट्टेतून तो निघाला आणि २३ मार्च १८३९ रोजी बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात छापून आला. अपवाद किती नेमकेपणाने सिद्ध झालेला असतो हे यावरून दिसते. त्याला वर्तमानपत्र आहे आणि तारीख आहे.

दुसरा प्रकार गोड गोष्टींचा आहे. ‘सिन्सिअर’ म्हणजे लॅटिनात ‘मेणाविना’, कारण लबाड मूर्तिकार दगडातल्या भेगा मेणाने बुजवत, ही त्यांतली नमुनेदार गोष्ट. ती निरोप समारंभाच्या भाषणात शोभून दिसते, पण लॅटिन शब्दाचा अर्थ शुद्ध, निर्भेळ एवढाच आहे आणि मेणाच्या गोष्टीला आधार नाही.

*तपासणी :* गोष्टीत काळ, ठिकाण आणि लिखित पुरावा या तिन्ही गोष्टी आहेत का? यांतली एक जरी नसेल तर ती पानावर घेऊ नये.

टप्पा ५ : शब्द आला त्या वाटेचा शेवटचा मुक्काम आधी लिहावा

शब्दाचे मूळ सांगताना लोक थेट टोकाला उडी मारतात. ‘शुगर संस्कृतातून आला’ हे वाक्य खोटे नाही, पण ते अर्धे आहे, आणि त्यातून इंग्रजांनी तो भारतात येऊन उचलला असा गैरसमज होतो. इंग्रज येथे येण्याच्या कितीतरी आधी तो शब्द त्यांच्याकडे पोहोचलेला होता : संस्कृत ‘शर्करा’, फारसी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’, मध्ययुगीन लॅटिन, जुने फ्रेंच आणि मग इंग्रजी. म्हणून साखळी उलटी, म्हणजे इंग्रजीपासून मागे, लिहीत जावी आणि प्रत्येक कडीला कोशाचा आधार आहे की नाही ते पाहावे. ‘कँडी’ याच वाटेने आला. त्याच्या टोकाला संस्कृत ‘खंड’ आहे.

आता गुळाकडे पाहावे, कारण ऊस पिकवणाऱ्या आपल्या भागात या शब्दाविषयी तर्क फार चालतात. आपण मराठीत गूळ म्हणतो, शेजारी कन्नडमध्ये बेल्ल म्हणतात, आणि या दोहोंपैकी एकही शब्द इंग्रजीत गेला नाही. इंग्रजीतला ‘जॅगरी’ पोर्तुगीजांकडून आला, त्यांनी तो मलबार किनाऱ्यावरच्या मल्याळममधून घेतला, आणि त्याच्याही टोकाला शर्कराच आहे. वस्तू आपल्या शिवारात पिकते म्हणून तिचा इंग्रजी शब्द आपल्या भाषेतून गेला असेल, हे गृहीत धरू नये; शब्द बंदरांतून जातात.

उलट दिशेची चूकही होते. ‘तंबाखू’ हा शब्द इंग्रजी ‘टोबॅको’चा अपभ्रंश आहे, असे निपाणीच्या तंबाखूविषयी लिहिताना एकाने लिहिलेले मी वाचले आहे. दोन्ही शब्द स्पॅनिश-पोर्तुगीज ‘ताबाको’ या शब्दापर्यंत जातात, पण वेगवेगळ्या वाटांनी. इंग्रजी हा मराठीचा मधला मुक्काम नव्हता. ‘बटाटा’ आणि ‘पोटॅटो’ यांचेही नाते असेच आहे : आपला बटाटा पोर्तुगीजांकडून, त्यांचा पोटॅटो स्पॅनिशांकडून. गोवा शेजारी असताना मराठीतला प्रत्येक युरोपीय वाटणारा शब्द इंग्रजांच्या खात्यावर घालण्याचे कारण नाही; ‘पगार’ आणि ‘चावी’ हेही पोर्तुगीजच आहेत.

मराठीतून इंग्रजीत गेलेला एक पाहुणा हवा असेल, तर ‘मंगूस’ घ्यावा. बहुतेक कोश त्याचे मूळ मराठी ‘मुंगूस’ असेच देतात. त्याच्या शेवटी ‘गूस’ ऐकू येत असले तरी हंसाशी त्याचा संबंध नाही, आणि म्हणून त्याचे नेहमीचे अनेकवचन ‘मंगूसेस’ असे होते, ‘मंगीस’ असे नाही.

टप्पा ६ : साम्य आता तपासावे

पाच टप्पे झाल्यावरच मराठी, कन्नड, संस्कृत शब्द शेजारी मांडावेत. साम्य तीन कारणांनी असते : दोन शब्द एका कुळातले असतात, किंवा एकाने दुसऱ्याकडून, अथवा दोघांनी तिसऱ्याकडून, उसना घेतलेला असतो, किंवा तो निव्वळ योगायोग असतो. आपले काम यांतले कोणते ते ठरवणे आहे.

कुळाचे नाते ओळखण्याची खूण अशी, की उच्चार हुबेहूब सारखे नसतात, पण फरक नियमाने पडतो. संस्कृतातला ‘प’ इंग्रजीत ‘फ’ होतो, जसे पितृ आणि फादर, पाद आणि फुट. ‘त’चा ‘थ’ होतो, जसे त्रि आणि थ्री. ‘द’चा ‘ट’ होतो, जसे दश आणि टेन, दंत आणि टूथ. ‘भ’चा ‘ब’ होतो, जसे भ्रातृ आणि ब्रदर. बैलाच्या मानेवरचे ‘जू’ संस्कृत ‘युग’पासून आले आहे आणि इंग्रजी ‘योक’ त्याच कुळातला आहे. जू आणि योक ऐकायला अगदी वेगळे, तरीही सख्खे. म्हणून जो शब्द नियम न पाळता जसाच्या तसा जुळतो, त्याच्याकडे अधिक संशयाने पाहावे.

‘संत’ आणि ‘सेंट’ हे या संशयाचे उत्तम उदाहरण आहे. अर्थ जुळतो, उच्चार जुळतो, आणि तरीही ते परके आहेत. संत हा संस्कृत ‘सत्’च्या, म्हणजे असणे या धातूच्या घरातला आहे, सेंट हा लॅटिन ‘सांक्तुस’, म्हणजे पवित्र ठरवलेला, यातून आला. ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ तर अर्थानेही एकच आहेत, पण फारसी शब्दाचे जुने रूप ‘वद’ होते. मागे जावे तसे खरे नातेवाईक जवळ येतात आणि योगायोगाने जुळलेले दूर जातात. ही कसोटी लक्षात ठेवली तर बरेच श्रम वाचतात.

कन्नडबाबत एक गोष्ट आधीच नक्की करावी. कन्नड द्राविड कुळातली आणि इंग्रजी भारोपीय, म्हणजे संस्कृत-मराठीच्याच, कुळातली, त्यामुळे या दोन भाषांतल्या मूळच्या शब्दांत कुळाचे नाते दाखवता येत नाही. साम्य असेल तर ते उसनवारीचे किंवा योगायोगाचे. ‘एंटु’ म्हणजे आठ आणि ‘एट’, ‘ओंदु’ म्हणजे एक आणि ‘वन’, हे योगायोग आहेत. ‘कासु’ म्हणजे पैसा आणि ‘कॅश’ यांचे प्रकरण मात्र बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण येथे अर्धे उत्तर बरोबर निघते. इंग्रजीत ‘कॅश’ दोन आहेत. पूर्वेकडच्या देशांतल्या एका हलक्या नाण्याला युरोपीय ‘कॅश’ म्हणत, आणि तो शब्द तमिळ ‘कासु’वरून पोर्तुगीजांमार्फत गेला. दुकानाच्या गल्ल्यावरचा, रोख या अर्थाचा ‘कॅश’ मात्र फ्रेंच-इटालियनातल्या पेटी या अर्थाच्या शब्दातून आला. ज्याने दुसरा टप्पा नीट केला असेल, त्याची येथे फसगत होत नाही.

टप्पा ७ : नोंद लिहावी

सर्व टप्पे एकत्र कसे चालतात ते पाहण्यासाठी बेळगावकरांच्या रोजच्या ओळखीचे एक नाव घेऊ : कॅम्पातले मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटर. ‘मराठा’ हा इंग्रजी शब्द नव्हे, म्हणून तो सोडावा. त्याच्या व्युत्पत्तीचा वाद स्वतंत्र आहे आणि लांबलचकही.

‘लाइट’ हे येथे विशेषण आहे. कोशात प्रकाशाचा लाइट आणि वजनाने हलका तो लाइट यांच्या नोंदी वेगळ्या आहेत, आणि आपल्याला दुसरी हवी आहे, कारण हे हलक्या सरंजामाने चपळ हालचाल करणारे पायदळ. या दुसऱ्या नोंदीत ‘अकिन टू’ म्हणून संस्कृत ‘लघु’ भेटतो. म्हणजे नाते आहे, पण आवक नाही. पहिली नोंद चुकून उघडली तर ‘प्रकाशमान पायदळ’ असे काहीतरी हाती येते, आणि तसे लिहिलेले मी पाहिले आहे.

‘इन्फंट्री’ फ्रेंचमधून आला, फ्रेंचने तो इटालियनातून घेतला, आणि इटालियनात ‘इन्फान्ते’ म्हणजे तरुण मुलगा, तसेच पायी लढणारा शिपाई. त्याच्या मागे लॅटिन ‘इन्फान्स’ आहे, म्हणजे अजून बोलता न येणारे मूल. इंग्रजी ‘इन्फंट’ तेथूनच आला. येथे तिसऱ्या टप्प्यातली चूक टाळावी : पायदळ म्हणजे ‘खरे तर’ लहान मुले, असा विनोद वर्गात चालेल, फळ्यावर नाही.

‘रेजिमेंट’चा जुना अर्थ राज्यकारभार असा होता, तो लॅटिनातल्या ‘राज्य करणे’ या क्रियापदातून आला, आणि ते क्रियापद आपल्या ‘राजन्’च्या कुळातले आहे. ‘सेंटर’ आणि ‘केंद्र’ यांचे साम्य मात्र कुळाचे नाही. ग्रीकमध्ये ‘केंत्रोन’ म्हणजे टोचणी, तेथून वर्तुळ काढताना रोवायचे टोक. तो शब्द एका बाजूने लॅटिनमार्गे इंग्रजीत गेला आणि दुसऱ्या बाजूने ज्योतिषाच्या ग्रंथांतून संस्कृतात येऊन ‘केंद्र’ झाला. दोघांनी तिसऱ्याकडून घेतलेल्या शब्दाचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

फळ्यावरची नोंद चार ओळींपेक्षा मोठी नसावी. पहिल्या ओळीत वाक्य किंवा पाटी, दुसऱ्या ओळीत त्या वाक्यातला अर्थ, तिसऱ्या ओळीत वाट, चौथ्या ओळीत नाते किंवा आधीचा अर्थ. ‘इन्फंट्री’ची नोंद अशी होईल : “मराठा लाइट इन्फंट्री, या नावातला शब्द. अर्थ : पायदळ. वाट : लॅटिन, इटालियन, फ्रेंच, इंग्रजी. इन्फंट, म्हणजे तान्हे मूल, या शब्दाशी मूळ एक.” कोशाने ‘प्रॉबेब्ली’ किंवा ‘परहॅप्स’ म्हटले असेल, तर आपल्या नोंदीत ‘बहुधा’ किंवा ‘कदाचित’ आलेच पाहिजे, हा एक शब्द गाळल्याने तर्काचे विधान होते. कोशाने ‘ओरिजिन अननोन’ म्हटले असेल तर ‘मूळ अज्ञात’ असे सरळ लिहावे आणि जागा भरण्यासाठी काही शोधू नये.

पुढे एखादी नोंद चुकीची निघाली तर वहीतले पान फाडू नये. चुकीच्या ओळीवर एकच रेघ मारावी, जेणेकरून ती वाचता येईल, खाली दुरुस्ती आणि तारीख लिहावी, आणि दुसऱ्या दिवशीच्या परिपाठात नव्या शब्दाआधी ती दुरुस्ती वाचून दाखवावी.